वहिनीचा डावा कान

भावाचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला शाळेत, पाचवीच्या वर्गावर होते. एरवी वर्गात मी फोन घेत नाही, पण त्या आठवड्यात तो सतत हातातच असायचा. वहिनीला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, डोक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती अजून शुद्धीवर आली नव्हती. "सुनीता... तुही वयनी गेली," भाऊ म्हणाला. मुलं पाढे म्हणत होती, त्यांना थांबवायचंही मला सुचलं नाही. रजा मागायला ऑफिसात गेले तर मोठ्या बाईंनी हळहळून विचारलं, "काय आजार होता हो त्यांना?" मी म्हटलं, "कान." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या, आपल्या ऐकण्यात चूक झाली असावी तशा. गेल्या काही आठवड्यांत तसे इतके चेहरे पाहिले, की आता कुणी विचारलं तर 'मेंदूत पू झाला होता' एवढंच सांगते. तेही खोटं नाही. पण सुरुवात कानापासूनच झाली होती. माझी वहिनी, सौंसरची शोभा, लहानपणापासून वाहणाऱ्या डाव्या कानानं गेली.

ती लग्न होऊन रामाकोन्याहून सौंसरला आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. नवी नवरी म्हणून डोक्यावरून पदर घ्यायची, तो डाव्या बाजूला जरा जास्तच पुढं ओढलेला असायचा. एका दुपारी ती केस विंचरत असताना मला कानातला कापसाचा बोळा दिसला. विचारलं तर आधी लाजली, मग म्हणाली, "लहानपणी गोवर निंगाला, तवापासून वायते. कधी कोरडा होते, कधी वायते. सवय झाली आता." तिच्या माहेरी उपचारांची कमी नव्हती. तिळाच्या तेलात लसूण कढवून घातला, झेंडूच्या पाल्याचा रस घातला, तुळशीचा घातला, ओव्याची धुरी दिली. प्रत्येक वेळी कान काही दिवस कोरडा पडायचा आणि घरच्यांना वाटायचं, बरी झाली पोरगी. मग पावसाळ्यात नाहीतर सर्दीत पुन्हा पू यायचा आणि पुन्हा कुणीतरी नवा रस सांगायचं. ज्यानं त्यानं जीव लावूनच केलं. कुणाला दोष द्यावा, तर तोही देता येत नाही...

गंमत अशी, की आमच्या घरातल्या सगळ्यांचे कान तीच सांभाळायची. हिवाळ्यात रविवारी न्हायच्या आधी अंगणातल्या उन्हात चटई टाकायची, पळीत खोबरेल कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायची आणि मग एकेकाचं डोकं मांडीवर घ्यायची. तिच्या बांगड्यांचा आवाज, तेलाचा ऊबदार थेंब आत उतरताना होणारी गुदगुली, आणि मग कानाच्या तोंडाशी तिचं बोट हलकेच दाबणं. काही दिवस असं केलं की मळ मऊ पडून आपोआप बाहेर यायचा, आणि ती वरच्यावर मऊ फडक्यानं पुसून घ्यायची. आत काही घालू द्यायची नाही. केसातला आकडा, काडेपेटीची काडी, भावाच्या मोटारसायकलची किल्लीसुद्धा तिनं कानाजवळून हिसकावून घेतली आहे.

बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, एका वर्षी अजिबातच ऐकू येईना. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. आठवडी बाजारात एक कान साफ करणारा यायचा. बाबूजी त्याच्यासमोर उकिडवे बसले होते आणि त्यानं सळई उचलली होती, तेवढ्यात वहिनी भाजीची पिशवी टाकून धावली. "उठा बाबूजी. पडदा फाडून ठेवन तो!" भर बाजारात सुनेनं हात धरून उठवलं म्हणून बाबूजी घरी येईपर्यंत घुश्शात होते. मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिनं तेल घातलं, आणि एक दिवस काळा खडा बाहेर पडला. बाबूजी वर बघून म्हणाले, "हा पंखा आवाज करून राहिला वो!" तो पंखा कित्येक वर्षं तसाच करकरत होता. वहिनी इतकी हसली, की हसता हसता खाली बसली. तिचं ते हसणं मी आठवायला जाते आणि त्याच्यामागून लगेच दवाखान्यातला चेहरा येतो, ओठ एका बाजूला ओढला गेलेला. हसणारा चेहरा मला आता एकटा आठवतच नाही.

तिच्या स्वतःच्या कानाला वास यायचा. हे लिहायला जड जातं, पण तिचं आयुष्य त्या वासाभोवतीच फिरलं. लग्नाच्या पंगतीत ती टोकाची जागा धरायची. बसमध्ये डावा कान खिडकीकडं. बायका हळदीकुंकवाला जमल्या की ही स्वयंपाकघरात. लोकांना वाटायचं, शोभा कामाची आहे. मला ठाऊक होतं, ती लपते आहे. प्राची, तिची मुलगी, लहान असताना एकदा कुशीत शिरता शिरता "मम्मी, तुह्या कानाले घाण वास येते" म्हणाली. त्या दिवसापासून वहिनी तिला उजव्या कुशीतच घ्यायची.

शेवटी मीच तिला नागपूरच्या कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, पडद्याला भोक आहे, पण खरी गोष्ट त्याच्या मागं आहे. तिथं कातडीची गाठ वाढते आहे आणि ती भोवतालचं हाड कुरतडते आहे. औषधानं कोरडा झाला तरी ती आत वाढतच राहते. कानात पाणी नको, तेल नको, कसलाही रस नको, आणि ऑपरेशन लवकर करा. "बहिरेपणाचं मी बोलतच नाही," ते म्हणाले, "हाडाच्या पलीकडं मेंदू आहे." परतताना बसमध्ये ती बराच वेळ बाहेरच्या कपाशीकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मायनं घातलेलं समदं तेल... उलटंच झालं काय वं?" आणि लगेच म्हणाली, "तिले नको सांगू. मरून जाईन ते."

ऑपरेशनला तिनं कधी नाही म्हटलं नाही. तारीखही घेतली होती. तेवढ्यात बाबूजींना लकवा झाला आणि त्यांचं अंथरुणावरचं सगळं तिच्याकडं आलं. बाबूजी गेल्यावर पुन्हा तारीख घेतली, तर संत्र्याचा तोडा आला, फळं उतरवायचे दिवस. मोहगावच्या रस्त्यावरच्या बागेत भाऊ एकटा. मग प्राचीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष. मी फोन करायची, रागवायची, प्रत्यक्ष जाऊन बसायची. भाऊही म्हणायचा, "चाल, उद्याच जाऊ." त्यावर तिचं एकच उत्तर. "कानच तं हाय. पोट थोडीच हाय. पोरीची परीक्षा होऊ दे." एवढं मात्र झालं, की डॉक्टरांकडून आल्यापासून तेल घालायच्या आधी ती प्रत्येकाला विचारायची, "कान वायते काय? दुखते काय? चक्कर येते काय?" यातल्या एका जरी गोष्टीला कुणी हो म्हटलं, की पळी खाली ठेवायची आणि दवाखान्यात पाठवायची. शेजारच्या किती लेकरांचे कान वेळेवर दाखवले गेले ते तिच्यामुळं. आणि ती स्वतः कापूस बदलत राहिली.

यंदा थंडीत तिला चक्कर यायला लागली. पित्त म्हणाली. डोकं दुखायचं, तेव्हा ऊन लागलं म्हणाली. थंडीत कसलं ऊन... मग ताप, उलट्या, आणि एका सकाळी प्राचीनं पाहिलं की मम्मीचा डावा डोळा मिटत नाही आणि चहा ओठातून गळतो आहे. गाडी करून नागपूरला नेलं. मी पांढुर्ण्याहून पोचले तेव्हा तपासण्या झाल्या होत्या आणि पू मेंदूपर्यंत गेल्याचं भावाला सांगून झालं होतं. तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता. आत वहिनीनं मला ओळखलं. जवळ बोलावलं. मला वाटलं, प्राचीबद्दल काही सांगेल. जीभ जड झाली होती. म्हणाली, "सुनी, नर्सले सांग ना... कापूस बदलवून दे म्हणा. बाजूच्या बाईले वास येत असन." मी बदलला. हात धुऊन आले तोवर तिला ऑपरेशनसाठी न्यायला लोक आले होते. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. कुणाशीच नाही.

तेरवीला सौंसरच्या घरी माणसं मावेनात. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "कानानं कोणी मरते काय वं बाई?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "आमच्या नातीचाही वायते. झेंडूचा रस घालतो आमी, फरक पडते." मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "मावशी, काही घालू नका. उद्याच दाखवा तिले." ती मान हलवत होती, पण मला तिच्या डोळ्यात दिसत होतं की मी दुःखात आहे म्हणून ती ऐकून घेते आहे. जे तेरवीच्या मांडवात, तिच्या फोटोसमोर बसून पटलं नाही, ते पेपरात वाचून कुणाला पटेल? तरी लिहिते. कानातला मळ ही घाण नव्हे, तो कानाची राखण करतो. घट्ट झाला, दडा बसला, तर चांगल्या कानात कोमट खोबरेलाचे थोडे थेंब पुरतात. पण वाहणाऱ्या कानात, दुखणाऱ्या कानात, पडद्याला भोक असलेल्या कानात घरातलं काहीही जाता कामा नये. आणि कोरडा पडला म्हणजे बरा झाला, असं समजू नका. एवढंच. हे सगळं वहिनीला ठाऊक होतं. ठाऊक असून ती गेली.

मागच्या रविवारी सौंसरला गेले होते. फाटक उघडायच्या आधीच रस्त्यावर भावाचा आवाज ऐकू आला. "चहा मांडू काय? साखर घालू काय?" मला वाटलं, कुणी पाहुणे आले आहेत. आत गेले तर स्वयंपाकघरात तो आणि प्राची, दोघंच. तो ओट्याशी उभा राहून ओरडून विचारत होता आणि ती त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर विळीवर भाजी चिरत बसली होती. वहिनीचा डावा कान पुरता गेल्यापासून आणि उजवाही मंद झाल्यापासून तो घरात तसाच बोलायचा, आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. प्राचीनं विळीवरून मान वर केली. हळूच म्हणाली, "बाबा, मले ऐकू येते ना."

"हाव," भाऊ म्हणाला, "तुले येते..." आणि मग त्यानं साखरेचा डबा हातात घेतला, पुन्हा विचारायला तोंड उघडलं, पण लहान आवाजात कसं बोलायचं ते त्याला आठवेना. तो डबा तसाच ओट्यावर ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. प्राचीनं उठून चहाच्या आधणाखालचा गॅस बंद केला.