चांगली जोडी मागच्या चाकांना

नारिन गाव संपतं आणि रस्ता दोलोन घाटाकडे वळतो, तिथे बुरमाकान एजेचं टायरचं दुकान आहे. एजे म्हणजे आमच्याकडे थोरली ताई. दुकान कसलं, मालगाडीचा एक लोखंडी डबा आणि पुढे अंगण. मी नारिन ते बिश्केक टॅक्सी चालवतो, पंचवीस वर्षं झाली. रोज त्या डब्यावरून जायचो, पण गाडी कधी थांबवली नाही. बाईमाणसाला टायर काय दाखवायचं! पंक्चर झालं तर बाजारातल्या पोरांकडे जायचो. मूर्ख होतो, दुसरं काय.

त्या नोव्हेंबरात माझी बेगाईम आठव्या महिन्यात होती. एकुलती एक पोर, आणि पोटात जुळी. नारिनच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपण इथे नको, बिश्केकला न्या, आणि बर्फ वाढायच्या आत न्या. जावई रशियात बांधकामावर. म्हणजे दोलोन ओलांडून तिला नेणारा मीच. आणि माझी गाडी तर सरळ रस्त्यावरसुद्धा डावीकडे ओढत होती. खिशात होते अकरा हजार सोम, त्यात सगळं बसवायचं होतं.

बाजारातली पोरं नेमकी त्या दिवशी लग्नाला गेलेली. मग नाइलाजाने गाडी एजेच्या अंगणात घातली.

सत्तरीला टेकलेली, ठेंगणी बाई. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना लष्करी कोट. मी म्हटलं, "एजे, मागची टायरं अजून निम्मी आहेत. पुढच्या दोन्हींचं बघायचंय. बाजारात जुनी चार स्वस्तात मिळताहेत, ती घेऊ की नवी दोन घेऊ? खिशात अकराच हजार आहेत."

ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली, हातमोजा काढला, तळहात टायरवर ठेवून बाहेरून आत फिरवला, मग आतून बाहेर. डोळे मिटलेले. मग म्हणाली, "उन्हाळ्यात सोंग-कोलच्या कुरणावर किती फेऱ्या मारल्यास?"

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"तुझं टायर म्हणालं. स्प्रिंगखाली चकत्या घालून गाडी वर उचलली आहेस. डावीकडची चकती जाड, उजवीकडची पातळ. एकसारख्या मिळाल्या नाहीत वाटतं?"

तोंडात बोटं घालायचीच बाकी होती. अक्षरशः तसंच होतं! कुरणावर सासुरवाडीची माणसं, तंबूचे नमदे, कुमिसच्या म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या बुधल्या न्यायच्या, तर गाडीचं पोट दगडांना घासतं. म्हणून आमच्याकडे सगळे टॅक्सीवाले जूनमध्ये रबरी चकत्या घालतात. त्या काढायच्या असतात, चाकं पुन्हा सरळ करून घ्यायची असतात, हे कोणाच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं.

"खाली झोप," ती म्हणाली.

"कोण, मी?"

"नाही, तुझा आजोबा! झोप आणि चाकाची आतली बाजू बघ."

झोपलो. टायरच्या बाहेरच्या अंगाला बोटभर नक्षी, आणि आतल्या अंगाला रबरच नाही. तारा चमकत होत्या. पाच-पाच माणसं घेऊन मी यावर घाट उतरत होतो!

"मी रोज सकाळी तपासतो हो," मी पडल्या पडल्याच म्हणालो.

"लाथ मारून ना? बाहेरून? दिसतं तसं नसतं रे एस्तेबेस, म्हणून तर जग फसतं. आण हात."

माझा हात धरून तिने टायरवर फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला तर करवत. "चाकं नवरा-बायकोसारखी रुसून दोन दिशांना तोंड करून उभी आहेत. यांच्यावर नवं टायर चढवलंस तर वसंतापर्यंत त्याचंही हेच होईल. आधी रोग, मग औषध. आणि बाजारातली ती काळी चकचकीत चार? त्यांच्या अंगावरचे आकडे वाचलेस?"

"कसले आकडे?"

"चार आकडे असतात. कितवा आठवडा आणि कुठलं साल. बेगाईम शाळेत होती तेव्हाची रबरं आहेत ती. थंडीत लाकूड होतात. तू नवी दोनच घे, बर्फाची. चकत्या मी काढते, चाकं सरळ करते. तुझ्या पैशात बसतं सगळं."

माझ्या पोरीचं नाव तिला माहीत होतं, तिला बिश्केकला न्यायचंय हेही. मला तिचं नावही धड माहीत नव्हतं.

चकत्या निघाल्यावर तिने गाडीच्या दोन्ही अंगांना मासे पकडायचा दोरा ताणला आणि पोलादी पट्टीने चाकाच्या पुढच्या कडेपासून, मागच्या कडेपासून अंतर मोजलं. मग गाडीखाली शिरून नट पाव फेरा फिरवायचा, बाहेर यायचं, पुन्हा मोजायचं. असं किती वेळा केलं, देव जाणे. गुडघे कटकट वाजत होते, पण केसभर फरक राहिला तरी बाई पुन्हा खाली. मी चहाचा कप हातात धरून नुसता बघत होतो. चहा पार गार झाला.

तेव्हा विचारलं, हे शिकलात कुठे. तिचा नवरा कारिपबाय सोव्हिएत काळात ट्रकच्या डेपोत टायरवाला होता. डेपो बंद पडल्यावर त्याने हा डबा टाकला. मग त्याला लकव्याचा झटका आला, दोन्ही हात लुळे पडले. सहा वर्षं तो खुर्चीत बसून विचारायचा, "काय लागतंय हाताला?" आणि ही टायरवर हात फिरवून सांगायची. तो रोग ओळखायचा, ही नट फिरवायची. तो गेला तोवर विचारायची गरज उरली नव्हती. आणि नवल असं, की बाईने आयुष्यात गाडी चालवलेली नाही!

"मग तुम्हाला कळतं कसं?" मी म्हटलं.

"शेळीचं दूध काढायला शेळी व्हावं लागतं का?"

हसलो खरा, पण पुढच्याच क्षणी माझं डोकं फिरलं. बाई नवी टायरं मागच्या चाकांकडे ढकलत नेत होती.

"ओ एजे! ओढतात पुढची चाकं, वळतात पुढची, आणि नवी मागे? नारिनमधल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा!"

"विचारलंय. सगळे तुझ्याइतकेच शहाणे आहेत."

"गाडी माझी, पैसे माझे. पुढे लावा."

तिने टायरं पुढे वळवली. "लावते. पण मग पाच मिनिटं मी सांगेन तशी गाडी चालवायची."

लावली. मागची निम्मी झिजलेली जोडी मागेच राहिली. डब्याच्या पाठीमागे नदीकाठी सपाट कुरण आहे. तिथे पाणी पसरून गोठतं, आरशासारखं. तिने विचारलं, "पोरगी कुठे बसणार?"

"मागे. डाव्या बाजूला."

तिने मागचं दार उघडलं आणि नेमकी तिथेच जाऊन बसली. "चाळीसने जा. मोठा वळसा घे, आणि मध्येच घाबरल्यासारखा ॲक्सिलरेटरवरून पाय उचल."

मी तसं केलं. पुढची चाकं पक्की होती, अगदी माझ्या म्हणण्याप्रमाणे. पण मागचं अंग निघालं. स्टिअरिंग हातात होतं आणि तरी हातात काहीच नव्हतं. गाडी एकदा फिरली, पुन्हा फिरली. नदी दिसली, डोंगर दिसला, परत नदी. थांबली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. बाईचा रुमाल खांद्यावर घसरला होता, चेहरा पांढराफटक. आणि दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले, गरोदर बाई धरते तसे.

"इथेच बसवणार ना तिला?" एवढंच म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अंगणात परत आलो. ती पुन्हा गुडघ्यांवर बसली, चारही चाकं काढली, नवी मागे लावली, मागची पुढे. त्याचा एक सोमही घेतला नाही. आणि मी नको नको म्हणत असताना पुन्हा त्याच जागी जाऊन बसली. पुन्हा बर्फ, तोच वळसा, पाय उचलला. या वेळी गाडीचं नाक थोडं सरळ घसरलं, हाताला ते लगेच कळलं, वेग मेला आणि गाडी वळणात आली. मागचं अंग जागचं हललं नाही.

"पुढचं घसरलं तर तुला सावरता येतं," ती म्हणाली. "मागचं घसरलं की सावरायला कोणी उरत नाही."

पंचवीस वर्षांत एकाही ड्रायव्हरने मला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, तोही भाग आहेच.

तिसऱ्या दिवशी बेगाईमला घेऊन निघालो. दोलोनच्या माथ्यावरून उतरताना ढग खाली आलेले, रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा काळा बर्फ. तिसऱ्या वळणावर कोळशाचा ट्रक अर्ध्या रस्त्यात आडवा उभा. माझा पाय आपोआप उचलला गेला. नाक हातभर घसरलं, हातांना कळलं, सावरलं, आणि ट्रकला वीतभर अंतर ठेवून आम्ही पलीकडे गेलो. उजव्या हाताला नुसती दरी होती.

"बाबा, काय झालं?" बेगाईम झोपेतच म्हणाली.

"काही नाही गं. झोप."

ती झोपली. मी घाटाखालच्या कोचकोर गावापर्यंत आवाज न करता रडत गाडी चालवली, आणि लाज वाटली नाही. जुळी आता चालायला लागली आहेत. तिच्या जागेवर तिच्याआधी एक म्हातारी दोनदा बसून गेली होती, हे बेगाईमला मी अजून सांगितलेलं नाही.