घरात माणसं किती?

आमच्या उपकेंद्रात गोळ्या संपतात, कापूस संपतो. किस्से मात्र संपत नाहीत. वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं छोटं गाव. मी तिथली आरोग्यसेविका. सगळे मला 'सिस्टर' म्हणतात, माझ्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा!

गावातली तरणी पोरं पुण्याला नाहीतर मिलिटरीत. मागे राहिली म्हातारी. मागच्या वर्षी वरून विषय निघाला, माणसं कमी झालीत तर उपकेंद्र खालच्या गावात हलवावं. खालचं गाव चार किलोमीटरवर, आणि इथल्या गुडघ्यांना चार पायऱ्याही जड! माझा जीव टांगणीला लागला.

*

त्यासाठीच सर्व्हे आला. हिराआक्कांच्या दारात फॉर्म काढला.

"आक्का, घरात माणसं किती?"

"सात."

आत बघितलं, तर एक खाट आणि एक ताट.

"अहो, पुण्याची धरू नका. आत्ता घरात किती?"

"आत्ता व्हय?" आक्कांनी विचार केला. "आत्ता तू आन् मी. दोन लिव!"

*

पोलिओच्या रविवारी अख्ख्या गावातून एकच बाळ आलं. तेही आजोळी आलेलं! बघायला मात्र निम्मं गाव. रिटायर सुभेदार शिस्त लावायला उभे. बाळाला दोन थेंब पाजले, तसे ते गरजले, "नेक्स्ट!"

कोणीच नाही. सुभेदारांचा चेहरा पडला.

"सिस्टर, पेटी उघडलीच हाय, तर त्येलाच परत द्या की!"

*

याच सुभेदारांना बीपीची गोळी. घड्याळ लावून घेणार, एक दिवस चुकणार नाहीत. महिनाभर पोराकडे पुण्याला जाऊन आले आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं.

"पुण्यात नियमित घेतल्या ना?"

"न्हाई, पाकीट हितंच ऱ्हायलं. पर मी न्हवतो तवा हिनं घेतल्या. ड्यूटीची जागा खाली ठिवायची न्हाई!"

मी घाबरून काकूंकडे धावले. नशीब, थोड्या चकरांवर भागलं होतं. नवऱ्याच्या आठवणीनं चक्कर येते, असं त्या महिनाभर समजत होत्या!

*

शेवटी एका गुरुवारी तालुक्याचे साहेब स्वतः बघायला आले. मी आदल्या दिवशी घरोघरी सांगितलं होतं, "काय दुखतंय ते मोकळेपणानं सांगा. लपवू नका."

सकाळी बघते तर काय! बायका इरकली लुगड्यात, पुरुषांच्या डोक्याला धुतलेले फेटे, सुभेदारांच्या कोटावर मेडलं. रांग एकदम सरळ.

"काय त्रास होतो, आजोबा?"

"छ्या! लय बेस हाय."

"गुडघे, मावशी?"

"झ्याक!"

पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही इथली रीत. त्या रीतीपायी माझं केंद्र हातचं चाललं होतं. मला खरंच रडू यायला लागलं.

साहेब हसले. "सगळे ठणठणीत! मग सिस्टर कशाला लागते तुम्हाला?"

रांगेच्या तोंडाशी हिराआक्का होत्या. त्या म्हणाल्या, "आवं सायेब, तिनं बघितल्याबिगर आमाला कळनार कसं, आमी बरं हाय म्हनून?"

 साहेबांनी केंद्र हलवायचा कागद घडी करून खिशात घातला, शर्टाची बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे केला.

"सिस्टर, माझंही बीपी बघा जरा."

तेवढ्यात सुभेदार कडाडले, "सायेब, लाईन मागनं हाय!"