आईच्या बॅगेचं कुलूप

मंडळी, तासाभरापूर्वी घरात जे झालं ते सांगतोच.

आई परवा एकटीच तैवानला निघालीय, माझ्या बहिणीकडे. पहिलाच विमानप्रवास. तिकडे दमट उकाडा आणि मधेच पाऊस, म्हणून सुती साड्या, छत्री, बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चपट्या पिनांचा प्लग असं सगळं भरलं. शेवटी तिला बॅगेचं नंबरचं कुलूप लावायला शिकवलं.

आईचं माहेर-सासर दोन्ही शनिशिंगणापूर. घरालाच दार नाही, तिथं कुलूप कुठलं! तरी तिसऱ्या खेपेला जमलं. मी खूश.

चहा ठेवून येतो तर बॅगेवर कागद चिकटवलेला आणि त्यावर ठळक अक्षरात कुलपाचा नंबर!

"आई, हे काय?"

"आरं, कुनाला बॅग उघडायची झाली तर? उगं खोळंबा नको."

हसत हसत कागद काढला. मग आठ दिवस मनात घोळणारं विचारलंच, "एकटी जायची भीती नाही ना वाटत?"

"बिनदाराच्या घरात जल्म गेला माझा. आता कशाला भिऊ?"

तैवानला जाऊन आलेल्यांनो, बॅगेत आणखी काय भरू? धीर सोडून बाकी काहीही सांगा, तो तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.