मामांचा काळा पडदा

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते रोज सकाळी ऑफिसात हजर असतात! त्यात आमचं ऑफिस पुंडलिकनगरातल्या एका बंगल्यात, आणि वर्षं दुष्काळाची. संभाजीनगर चारी बाजूंनी वाढत होतं, नळ कोरडे होते आणि आम्ही कॉलन्यांसाठी टँकर बुक करायची वेबसाइट चालवत होतो. तिचा सर्व्हर मागच्या खोलीत होता. तो बसला की लोकांच्या टाक्या रिकाम्या!

*

त्या खोलीत एसी नव्हता, कूलर होता. एकदा कूलरचं पाणी संपलं आणि सर्व्हर तापून बंद पडला. साऱ्या शहराचे टँकर आम्ही बुक करायचो, स्वतःचा करायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं!

साहेबांनी टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "फोनवर घेत नाय आता. तुमच्याच साइटवर टाका की!"

*

मग कूलर भरायचं काम शिपाई मारुतीमामांकडे गेलं. मामा गंगापूरकडचे. जन्मभर मेंढरं राखली, पण चारा संपला तशी ती विकून ते आमच्याकडे लागले. मी त्यांना सर्व्हरचा काळा पडदा दाखवला. टॉप नावाची कमांड दिली की चालू असलेली सगळी कामं ओळीनं दिसतात, आणि सर्व्हरची ताकद सगळ्यात जास्त खाणारं सगळ्यात वर.

"म्हंजे खादाड म्होरं," मामा म्हणाले. कॉलेजात मला हे समजायला एक सेमिस्टर लागलं होतं.

मग स्टूल घेऊन ते पडद्यापुढेच बसू लागले. एके दिवशी हाक आली, "ओ ताई, ते वरचं सकाळधरून बूड हलवंना. गाभण हाय का काय?"

पाहिलं तर बॅकअप अडकला होता.

*

असं अडकलेलं काम बंद करायची कमांड म्हणजे किल. मी मामांना अर्थ सांगितला, तर ते स्टुलावरून उठलेच. "एकदम मारायचं?"

मी समजावलं, "नाही हो मामा. आधी नुसती विनंती असते, आवरून घे आणि बाहेर पड. ऐकलंच नाही तर कमांडमागं नऊचा आकडा लावायचा. मग दयामाया नाही."

मामांनी विचार केला. "आधी सांगतंय तरी! आपल्या साहेबांपरीस बरं हाय."

साहेब दारातच उभे होते.

*

पुढच्याच महिन्यात साहेबांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. ते सर्व्हरवर लक्ष ठेवणार आणि काही बिघडलं की त्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवणार. म्हणजे पडद्यापुढे माणूस नको, आणि मामांना महिनाअखेरीपर्यंतच काम. दारातल्या त्या वाक्याशी याचा काहीही संबंध नव्हता, असं साहेब आजही सांगतात. मला मनापासून वाईट वाटलं. गावी परत जाऊन मामा राखणार काय होते?

सोमवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना नवीन पडदा दाखवायला बोलावलं. एकूण एक दिवे हिरवे! "बघा, सर्व्हर कसा मजेत आहे."

मामा मात्र काळ्या पडद्याकडे बघत होते. "नाय साहेब. कायतरी झालंय."

"अहो, सगळं हिरवं आहे!"

"सोमवारची सकाळ हाय. टँकरसाठी झुंबड पाहिजे. इथं समदी निजल्यावानी पडलीत. कळप इतका गप कधीच नसतो."

मी मोबाइलवरून साइट उघडून पाहिली. उघडेना!

आम्ही बाहेर धावलो. गल्लीच्या तोंडाशी नव्या पाइपलाइनसाठी जेसीबी खणत होता, आणि आमची इंटरनेटची केबल तुटून खड्ड्यात लोंबत होती. सर्व्हर ठणठणीत होता, त्याच्यापर्यंत माणसंच पोचत नव्हती. सॉफ्टवेअरचे मेसेजही त्याच केबलमधून जायचे!

केबलवाला आला, जोड दिला. मामांनी स्वतः फावडं घेऊन वर माती लोटली. आत येऊन पाहतो तर काळा पडदा भराभर हलत होता. मामा स्टुलावर टेकले आणि पुटपुटले, "आली बघा समदी."

तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला. त्यांनी मेसेज वाचला आणि ते मोबाइल खिशात टाकू लागले.

"काय म्हनतंय?" मामांनी विचारलं.

साहेब हळूच म्हणाले, "लाइन तुटली म्हणतंय."

"व्हय का?" मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "त्याला म्हनावं, खड्डा बी बुजवून झाला."