डबी मागायला आलेली चंदराबाई

चंदराबाई गेल्याचं शेजारच्या विठाबाईने सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. "बाई, चंदरा गेली की... तीन दिस ताप, आन् पहाटं बोललीच न्हाय." तव्यावरची भाकरी करपली. त्याला आता महिना होऊन गेला. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत लिहिणारी मी एकटीच, म्हणून तिच्यावर लिहायचं माझ्याकडे आलं. पण खरं सांगायचं तर एक गोष्ट मला आता पोटात ठेववत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

चंदराबाई गिरणीत सुताच्या खात्यात होती, तिचा नवरा दगडू मागावर. दगडू मोठा गमत्या माणूस, मी शाळेत निघाले की ओरडायचा, "मास्तरीणबाई, आमास्नी बी छडी मारा की!" पोटाच्या दुखण्यावर म्हणून त्याने अफू घेतली. दुखणं गेलं, अफू राहिली. माग सुटला, हसणंही सुटलं. चंदराबाई मदत मागत फिरली. कुंभारी गावाला दिराकडे गेली, तर तो म्हणाला, "आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाय, तूच कुटंतरी कमी पडली आसशील." मुकादमाकडे गेली, तो नुसता हसला. मग परवान्याच्या अफूच्या दुकानापुढे ती रोज संध्याकाळी ठाण मांडून बसू लागली, तेव्हा कुठे दुकानदाराने कंटाळून दगडूला अफू न द्यायचं कबूल केलं. तरी दगडूचे डोळे जडच. कारण अफू घराघरात होती. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवून निजवत. पोर संध्याकाळपर्यंत हलत नसे. प्रत्येक घरी कोनाड्यात डबी, दार नुसतं लोटलेलं, आणि दगडू दिवसभर रिकामा...

एका सुट्टीच्या दिवशी चंदराबाईने बायकांपुढे पदर पसरला. "तुमच्या डब्या मला द्या." विठाबाई उसळली, "आन् लेकरं कुणी संबाळायची गं?"

"मी संबाळते की."

आणि तिने खरंच गिरणी सोडली. एका खोलीत नऊ लेकरं! बायका आळीपाळीने पीठ, डाळ देत. आमची गल्ली दुपारभर रडण्याने दणाणून जाई. मी तर कातावायची. डब्या तिने चुलीत घातल्या होत्या. त्याच खोलीच्या कोपऱ्यात दगडू घामाने भिजत, पोट धरून लोळत होता, तिला शिव्या देत होता. महिना-दीड महिन्याने एका सकाळी तो मला लेकराची झोळी हलवताना दिसला. मला बघून ओशाळं हसला.

आता ती गोष्ट. डब्या गोळा करत चंदराबाई माझ्याही दारात आली होती. मी म्हणाले, "आमच्याकडे असलं काही नसतं, चंदराबाई." माझ्या पाठीमागे माझा सदाशिव गोळी चाटून निजलेला होता. आमचे हे रेल्वेत, कायम कुर्डुवाडीला, मला शाळा. शाळेत मी मुलींना आरोग्याचे धडे द्यायचे, मग डबी काढून देऊ कशी? आणि गिरणीवाल्यांच्या पोरांत माझा मुलगा ठेवायचा, हेही जिवावर आलं होतं. अशी होते मी.

एके दिवशी निघायच्या घाईत डबी कोनाड्यात उघड्यावर राहिली. बरा झाल्यापासून दगडू गल्लीत पाणी भरून द्यायचा, तसा तो माझी घागर भरून ठेवायला आत गेला. दुपारी तो विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेला सापडला. सवय तुटलेल्या अंगाला पूर्वीएवढी अफू सोसली नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चंदराबाई आली. दगडूच्या कनवटीला सापडलेली डबी पदराआडून काढून तिने माझ्या हातावर ठेवली. ती कुणाची हे तिला विचारावं लागलं नव्हतं. झाकणावर यांची आद्याक्षरं कोरलेली होती, आणि गल्लीत अक्षरं कोरलेली डबी दुसऱ्या कुणाकडे असणार! मला वाटलं, आता ती गल्ली गोळा करील. तिने फक्त झोपलेल्या सदाशिवाकडे बघितलं. म्हणाली, "बाई, उद्यापास्नं ह्याला बी माज्याकडं आणून टाका." मला तिचे पाय धरायचे होते. मी नुसती मान हलवली. पुढे सहा वर्षं ती गल्लीतली लेकरं सांभाळत राहिली, आणि माझं नाव तिने कुणापाशी काढलं नाही. सदाशिव तिच्याच खोलीत चालायला शिकला.

त्या खोलीला आता बाहेरून कडी आहे. परवा दुपारी सुट्टीमुळे मी घरी होते. गल्लीत एकही लेकरू रडत नव्हतं. विठाबाईचं दार लोटून पाहिलं तर तिचा तीन महिन्यांचा नातू तोंड उघडं टाकून झोपला होता, माशी बसली तरी हलेना. मी कोनाड्यात पाहिलं, डबी होतीच. दुसऱ्या दिवशी पहाटे, गिरणीच्या भोंग्याआधी, विठाबाईला गाठून म्हणाले, "ती डबी मला दे." दगडूचं सगळं तिला सांगून टाकायचं ठरवूनच गेले होते. तिने भांडण केलं नाही. नातवाला कडेवर घेऊन थकलेल्या आवाजात तिने विचारलं, "देते की बाई. पर लेकरू कुणी संबाळायचं?"

दगडूचं न सांगता, डबीही न घेता मी घरी आले आणि शाळेची तयारी करू लागले.