आखूड दोरी

आमची मावशी पडदे शिवते, आणि माणसांकडे बघतानाही तिची नजर कापडातली खोट शोधत असते. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत तिच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. मी चपला घातल्या तरी विचारते, "खरं कुठे चाललीस?" पण तिचा सगळ्यात मोठा संशयित म्हणजे तिचा धाकटा दीर, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा.

काका गेल्यावर त्यांची लहानशी शिडाची होडी मावशीकडे राहिली. मावशीच्या शिलाईच्या दुकानामागच्या खाडीत ती उभी असते. तळाला काँक्रीटचा जड ठोकळा, त्याची साखळी वर पाण्यावर तरंगणाऱ्या एका पिवळ्या बोयाला, आणि बोयापासून होडीच्या नाकापर्यंत दोरी. मावशीला होडी चालवता येत नाही, पण विकायचं नाव काढलं की ती अंगावर येते. काकांचं म्हणावं असं तेवढंच तिच्यापाशी उरलंय. दिरानं एकदा होडी मागितली. झालं, तेव्हापासून बोलणं बंद.

शिलाईत ढिला टाका उसवतो, म्हणून मावशीनं नावाड्याला सांगून दोरी आखूड बांधून घेतली. थोड्या दिवसांनी बघते तर दोरी लांब. तिनं पुन्हा आवळून घेतली, कुणीतरी पुन्हा सोडली. होडीच्या काठाला दोरी घासते त्या जागी जुन्या शर्टाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. कापून वरून झाकलंय, असं म्हणत तिनं त्या सोडायला लावल्या. आत दोरी धडधाकट होती. कापायला वेळ मिळाला नसेल, हा तिचा निष्कर्ष. मग तिनं नावाड्याकडून गाठीत लाल दोऱ्याचे टाके घालून घेतले. ते तुटल्याचं त्यानं सांगितलं तेव्हा तिला जवळजवळ आनंदच झाला. दोरीच्या जागी हातभर साखळी आली, साखळीला कुलूप, आणि किल्ली मावशीच्या गळ्यात.

परवा दुपारी वारा सुटला, त्यात भरती. दीर धापा टाकत दुकानात आला आणि किल्ली मागू लागला. मावशीनं मशीन थांबवलं नाही.

"वहिनी, साखळी आखूड पडतेय. लाटेबरोबर होडी वर उठत नाही, नाक बुडतंय. म्हणून तर मी दोरी सोडत होतो."

"म्हणजे तुम्हीच ते."

तिला एवढंच ऐकू आलं. मला तिचा भयंकर राग आला. मी तिला हाताला धरून मागच्या खिडकीशी नेलं. बाकीच्या होड्या लाटांवर वरखाली होत होत्या. आमची मात्र कुणी मान दाबून धरल्यासारखी पुढून पाणी आत घेत होती. मावशीचा चेहरा उतरला. तिनं किल्ली काढून दिरापुढे धरली.

त्यानं ती घेतली नाही. "तुम्हीच चला. तुमच्या हातानं उघडा, म्हणजे नंतर शंका नको."

पाण्याला भिणारी मावशी त्याच्या वल्ह्याच्या होडीत बसली. मागे बसून मी तिच्यात शिरणारं पाणी उपसत होते. दिरानं आधी लांब दोरी बोयाच्या कडीला पक्की बांधली, तिचे वेढे काकांच्या होडीवरच्या खुंटीला दिले आणि टोक मावशीच्या हातात दिलं. मग तिनं कुलूप उघडलं. साखळी सुटली आणि होडीचं नाक वर आलं.

"किती सोडू, भावोजी?" मावशीनं विचारलं.

"दादा सोडायचा तेवढी."

मावशी टोक धरून तशीच बसली. "ते किती सोडायचे," ती म्हणाली, "ते मी कधी बघितलंच नाही."