डब्यात सुट्ट्या केलेल्या गोळ्या

औषधांच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी 'दुर्बीण' म्हणत. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची आणि ती टक लावून बसायची. एखादा कप्पा रिकामा, फॉइलला सुरकुती, कडेला चिकटायचं राहून गेलेलं. असलं पाकीट दिसलं की बाजूला. आत ओल शिरली की गोळी वाया, हे पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत मान आखडून लाकूड व्हायची.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा परगावी नोकरीला. सासूबाईंना रक्तदाब, साखर, त्यात संधिवाताने बोटं पार वाकडी झालेली.

एका दुपारी शेजारणीचा फोन आला. "लवकर ये. म्हातारी घामाने थबथबलीय, भलतंसलतं बडबडतेय. दवाखान्यात नेतोय."

ती पोचली तेव्हा सासूबाईंना सलाइन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, "साखर फार खाली गेली होती. गोळी दोनदा घेतलेली दिसतेय. घरातली सगळी औषधं आणून दाखवा."

ती घरी आली. शेगडीजवळच्या फळीवर स्टीलचा डबा सापडला. झाकण काढलं तर आत सगळ्या गोळ्या सुट्ट्या, एकत्र. साखरेची कुठली, रक्तदाबाची कुठली, काही पत्ता लागेना. सगळ्या पांढऱ्या, गोल. काही वाफेने फुगून एकमेकींना चिकटलेल्या. ती तिथेच जमिनीवर बसली.

सासूबाई घरी आल्यावर तिने विचारलं, "पाकिटातून का काढल्यात?"

"मग काय करू? माझ्याच्याने फुटत नाहीत. सुरी लावली तर गोळीचा चुरा. एकदाच बसून सगळ्या काढून घेतल्या शेजारणीकडून."

"मला सांगायचं नाही?"

"तू जेवता जेवता डुलक्या घेतेस. तुला काय सांगायचं, कपाळ?"

"अहो, पण ते घट्ट असतं म्हणून तर औषध टिकतं."

"टिकू दे की. पण चोरही बाहेर आणि मालकीणही बाहेर, हे कसलं कुलूप?"

तिला हसू आलं, पण हसायचंही त्राण नव्हतं.

म्हाताऱ्या बोटांनी पाकीट फुटत नाही, हे तिने कारखान्यातल्या सुपरवायझरच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "माझी आईसुद्धा कात्री घेऊन बसते. वर सांगून बघतो." पुढे काही झालं नाही.

आता सकाळच्या गोळ्या ती स्वतः काढून देते. दुपारच्या गोळीचा कप्पा कात्रीने वेगळा कापून ठेवते, न फोडता. तो फोडायला शेजारीण येते, आणि सासूबाईंना तेवढाच गप्पांचा आधार.

शेजारीण लेकीकडे गेली की मात्र पंचाईत. मग जेवणाच्या सुट्टीत बस पकडून ती घरी येते, गोळी काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवते आणि उभ्याउभ्याच परत निघते.

"जेवलीस का गं?" सासूबाई विचारतात.

"हो," जिना उतरता उतरता ती म्हणते.